सापडलेल्या पोराचा शेवट

न वाचलेल्या पुस्तकाचा शेवट तुम्ही कधी दुसऱ्याला छातीठोकपणे सांगितला आहे का? लगेच मान हलवू नका, नीट आठवून उत्तर द्या. मी सांगितला आहे. नुसता सांगितला नाही, चार पानांत छापून वाटला आहे. आणि त्या चार पानांवर विश्वास ठेवून माझी वहिनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला नापास झाली आहे.

पुस्तक इंग्रजी होतं, अठराव्या शतकातलं. एका श्रीमंत जमीनदाराच्या बिछान्यात एक तान्हं पोर सापडतं. कोणाचं ते कोणालाच माहीत नसतं. पोर मोठं होतं, घरातून हाकललं जातं आणि मग रस्त्यानं, खाणावळींतून, मारामाऱ्यांतून, बायकांच्या भानगडींतून भटकत भटकत लंडनला पोचतं. इंग्रजांनी त्यावर सिनेमाही काढला होता. पुस्तकाचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक "हां हां, ते होय" म्हणतात आणि पुढचं ऐकत नाहीत.

आमचं घर अंबरनाथ पश्चिमेला होतं, दोन खोल्यांचं. आई-वडील, दादा-वहिनी आणि मी. वडील कारखान्यात लेथवर होते. ड्यूटी संपली की युनियनच्या ऑफिसात आणि रविवारी विहारात. दोन्हीकडची पत्रकं तेच लिहायचे. त्यामुळे आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गादीखाली पत्रकं, फळीवर अंथरलेली पत्रकं, डब्याच्या झाकणाखाली पत्रकाची घडी. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. गुलाबी कागदावर "जाहीर" हा शब्द मला "कमळ"च्या आधी वाचता यायला लागला. वडिलांचा नियम होता की चार पानांच्या पुढे गेलेलं पत्रक कामगार वाचत नाही, त्याची पुडी करतो. म्हणून त्यात एकाच माणसावर अन्याय झालेला हवा, एकच गुन्हेगार हवा आणि वाचणाऱ्याच्या मनात शंका राहता कामा नये. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मला जगातली प्रत्येक गोष्ट या मापात बसते असं वाटत होतं. जी बसत नसे ती खोटी.

वहिनी वांगणीच्या पलीकडच्या एका छोट्या गावातून आली होती. बारावी झालेली, टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या. बदलापूरला एका कंपनीच्या ऑफिसात ती टायपिस्ट होती, चार वर्षं टेम्पररी. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. कंपनीनं तेव्हा नवीन नियम काढला की कायम करायचं ते फक्त पदवीधरांना. तिच्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं होतं, यंदाचा निकाल जूनअखेर टेबलावर ठेवा, नाहीतर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल. साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर पत्रक लिहायला सोपं गेलं असतं.

ती बाहेरून बी.ए. करत होती. दोन वर्षं पार पडली होती, तिसरं चालू होतं. तिला खरं तर इतिहास घ्यायचा होता. इंग्रजी घ्यायला मी लावलं. इतिहास सगळेच घेतात, म्हटलं, आपल्या माणसांनी इंग्रजी घेतलं पाहिजे, ते त्यांच्या हातात किती दिवस ठेवायचं. त्यांच्या म्हणजे कोणाच्या, ते मी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान, तरी ती मला ताई म्हणायची आणि अहो-जाहो करायची. नणंद म्हणून. मी कितीदा सांगितलं, वहिनी, तू मला तू म्हण, हे मानाचं खूळ आपल्या घरात नको. ती हसायची. "बरं, तुम्ही म्हणाल तसं," म्हणायची.

तर ही कादंबरी तिच्या पेपराला होती. आठशेच्या आसपास पानं, मुंगीएवढा टाइप. उल्हासनगरला मी ज्या कॉलेजात जात होते तिथं तिची एकच प्रत होती आणि तिच्या पुठ्ठ्यावर लाल शिक्का, घरी न्यायची नाही. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना तर लायब्ररीचं कार्डच मिळायचं नाही. म्हणजे अभ्यासक्रमात पुस्तक लावायचं, फी घ्यायची आणि पुस्तक कपाटात कुलपाच्या आत. मी लायब्ररियनशी भांडले. ते म्हणाले, "मॅडम, नियम मी केलेला नाही." मी विचारलं, मग कोणी केला. ते म्हणाले, "तोही नियमात लिहिलेला नाही." आजही या उत्तराचं काय करायचं ते मला कळत नाही.

शेवटी असं ठरलं की मी रोज वाचनालयात बसून वाचायचं आणि संध्याकाळी तिला सांगायचं. ती भाकऱ्या थापायची, मी पिठाच्या डब्यावर बसून गोष्ट सांगायचे. तीन आठवड्यांत मी शंभर पानांपर्यंत पोचले. त्याच्यापुढे मला जाववेना. लिहिणाऱ्याची एक खोड होती. गोष्ट जरा रंगात आली की हा थांबणार आणि वाचकाशी गप्पा मारत बसणार. जेवणाबद्दल, टीकाकारांबद्दल, स्वतःच्या लिहिण्याबद्दल, आणि मग सावकाश गोष्टीकडे वळणार. मला राग यायचा. या माणसाला पत्रक लिहायला बसवलं असतं तर पहिल्या मागणीपर्यंत पोचायच्या आतच संप मिटला असता.

एका संध्याकाळी मी डिक्शनरी घेऊन बसले होते. असं सापडलेलं पोर म्हणजे इंग्रजीत जो शब्द आहे, फाउंडलिंग, तो पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होता. डिक्शनरीत त्याचा अर्थ दिला होता, टाकून दिलेले मूल. मी वहिनीला तसंच लिहून घ्यायला सांगितलं. तिनं पिठाचा हात वर धरूनच शब्दाकडे पाहिलं.

"यात टाकलेलं कुठं आहे, ताई? फाउंड म्हणजे सापडलं ना?"

मी म्हटलं, तेच ते.

"तेच कसं? आपल्याकडे असं पोर निघालं की पहिलं बोट आईकडे. कोणी टाकलं. ह्यांनी ज्याला सापडलं त्याच्याकडून शब्द केला." मग तव्याकडे वळून म्हणाली, "गोष्ट पण त्या जमीनदारापासून सुरू होते. आईपासून नाही."

मी तिला सांगितलं, हे परीक्षेत विचारत नाहीत, तू अर्थ लिहून घे. तिनं लिहून घेतला. त्या अख्ख्या वर्षात त्या पुस्तकाबद्दल आमच्या घरात बोललं गेलेलं एकमेव शहाणं वाक्य ते होतं, आणि मी ते विषयांतर म्हणून बाजूला सारलं.

परीक्षा महिन्यावर आली तेव्हा माझी सातशे पानं वाचायची राहिली होती. मग मला सिनेमा आठवला. उल्हासनगरात कॅम्प तीनला एका सिंधी शेठचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. हिंदी सिनेमांच्या भिंतीमागे इंग्रजीचा एक कप्पा. शेठनी बरंच शोधून, धूळ झटकून कॅसेट काढली. "बेटी, ये पिक्चर दो बार गया है. दोनों बार आधे में वापस आया." मी म्हटलं, अभ्यासाला पाहिजे. ते हसले. "अभ्यास के लिए आज तक मेरी दुकान में कोई नहीं आया. ले जा."

रविवारी दुपारी व्हीसीआर रिक्षात मांडीवर घेऊन मी घरी आणला. टीव्ही आमचा नव्हता, समोरच्या खोलीतल्या मावशींचा होता. तो आणायचा म्हणजे मावशीही आल्याच. वहिनीबरोबर परीक्षेला बसणाऱ्या चार बायका बदलापूर-उल्हासनगरहून आल्या, मांडीवर वह्या घेऊन. वडील खुर्चीत पेपर उघडून बसले, आपण बघत नाही हे सगळ्यांना दिसेल असा पेपर उंच धरून. आणि दादा व्हीसीआरजवळ, पुढे पळवायच्या बटणावर बोट ठेवून.

हे बोट त्या दिवशी फार राबलं. पडद्यावर कोणा बाईच्या चोळीची नाडी सैल झाली की दादा बटण दाबायचा. माणसं मुंग्यांसारखी तुरुतुरु पळायची, मग तो अंदाजानं थांबवायचा. तोवर नायक दुसऱ्या गावात, दुसऱ्या खाणावळीत आणि दुसऱ्या बाईसमोर असायचा, की पुन्हा बटण. बायकांच्या वह्यांत काय लिहायचं ते त्यांना कळेना. एकीनं मला हळूच विचारलं, हा सारखा पळतोय का? मी म्हटलं, प्रवासवर्णन आहे.

मावशींना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांचं अडत नव्हतं.

"हा कोणाचा पोरगा म्हणायचा?" त्यांनी विचारलं.

"कोणाचाच नाही, मावशी. तीच तर गोष्ट आहे."

"असं कसं होईल. कोणाचा तरी असंलच की."

मी त्यांना समजावलं की माणूस कोणाचा हे महत्त्वाचं नसतं, तो कसा हे महत्त्वाचं. मावशी म्हणाल्या, "ते खरंय गं, पण असंलच की कोणाचा तरी."

शेवटी नायकाला फाशी द्यायला नेतात. ढोल वाजत होता, गर्दी जमली होती, दादानंसुद्धा बोट काढून घेतलं होतं. आणि तेवढ्यात पडद्यावर खरखर मुंग्या आल्या, आवाज गेला आणि मुंग्यांतून एक नवरदेव निघाला. डोक्याला फेटा, तोंडावर फुलांच्या माळा, पुढे बँड, मागे नाचणाऱ्या बायका. उल्हासनगरातलं एक लग्न कोणीतरी त्याच कॅसेटवर टेप केलं होतं.

सगळे पोट धरून हसले. वडिलांनी पेपर खाली घेतला. मावशी माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "लगीन लागलं बघ त्याचं. मी म्हणत नव्हते?" एकटी वहिनी हसली नाही. तिची पेन्सिल वहीवर तशीच टेकलेली होती.

संध्याकाळी कॅसेट परत द्यायला गेले आणि शेठना विचारलं, ही कसली फसवणूक. त्यांनी दुकानातल्या टीव्हीवर ती लावून पाहिली आणि खुर्चीतून उठलेच. "अरे, ये तो मेरे भांजे की शादी है. छह महीने से ढूँढ रहे हैं. मेरी बहन रोज़ रोती है." त्यांनी मला भाडं देऊ दिलं नाही, उलट पेढा दिला. सिनेमाचा शेवट मात्र त्यांच्याकडे दुसऱ्या कॅसेटवर नव्हता.

परीक्षेला तेव्हा नऊ दिवस उरले होते. वहिनी म्हणाली, "ताई, उद्या तेवढा शेवट पुस्तकात बघून या. शेवटची दहा पानं. तेवढं कळलं की बाकीचं मी जुळवीन."

दहा पानं. तासाभराचं काम. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या पाण्यासाठी नगरपालिकेवर हंडा मोर्चा होता. घोषणा मी लिहिलेल्या होत्या, त्या द्यायलाही मीच हवी होते. मी कॉलेजला गेले नाही. संध्याकाळी घसा बसलेला, अंगात वारं शिरलेलं, अशी घरी आले. वहिनीनं पाणी दिलं आणि विचारलं, "बघितलं?"

मी म्हटलं, "बघितलं."

हे खोटं मी का बोलले याचा मी दहा-बारा वर्षं विचार केला आहे. थकवा नव्हता, भीती तर नव्हतीच. खरं कारण असं की मला शेवट बघायची गरजच वाटत नव्हती, तो मला माहीत होता. ज्याचा जन्म कोणाला ठाऊक नाही त्या पोराची गोष्ट आठशे पानं सांगणारा लेखक शेवटी काय म्हणेल? माणूस जन्मानं ठरत नाही, असंच म्हणेल. आमच्या घरात ते दुधाबरोबर पाजलं होतं. त्याच एका वाक्यासाठी वडिलांच्या पिढीनं गाव सोडलं, देव सोडले. हे वाक्य सोडून दुसरं काही म्हणायला कोणी आठशे पानं खर्च करील, हे माझ्या डोक्यातच येऊ शकत नव्हतं. मी वहिनीला सांगितलं की नायक फाशीतून सुटतो, आपले आईबाप कोण हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही, जमीनदार त्याला इस्टेट देऊ करतो, ती तो नाकारतो आणि रस्त्यावरच्या माणसांत निघून जातो.

मग त्याचं पत्रक केलं. परीक्षा इंग्रजीत, म्हणून इंग्रजी पत्रक, बरोबर चार पानांचं. एक पीडित, त्याच्याबरोबर वाढलेला एक लबाड मुलगा, एक दांभिक समाज. कुठंही शंका राहिली नव्हती. शेवटचं वाक्य ठळक होतं की नायकाचा जन्म कधीच कळत नाही आणि हाच लेखकाचा संदेश आहे. युनियनच्या ऑफिसातल्या इंग्रजी टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायला वहिनीच बसली, तिचा हात स्वच्छ होता. माझी स्पेलिंगं तिनं दुरुस्त केली. शेवटच्या परिच्छेदाला ती थांबली. म्हणाली, "खरंच असं लिहिलंय? त्या काळात?" मी मान हलवली. तिला फार आनंद झाला. "मग चांगला माणूस होता तो," म्हणाली आणि टाइप करायला लागली.

वडिलांनी सायक्लोस्टाइल काढून दिलं. आधी पाच प्रती काढायच्या होत्या. पण आमच्या घरात मशीन फिरायला लागलं की पाचावर थांबत नाही. वहिनीच्या परीक्षा केंद्रावर त्या हातोहात गेल्या. एका बाईनं मला रस्त्यात गाठून सांगितलं की तुमच्यामुळे ते पुस्तक एकदाचं समजलं. मला त्या दिवशी वडिलांएवढं मोठं झाल्यासारखं वाटलं.

पेपराच्या दिवशी वहिनी घरी आली, प्रश्नपत्रिकेची बारीक घडी केली आणि पर्समध्ये ठेवून दिली. कसा गेला, मी विचारलं. "लिहिलंय सगळं," म्हणाली. मी घडी उघडून बघायला मागितली नाही.

निकाल जूनमध्ये लागला. बाकीच्या सगळ्या पेपरांत ती पास होती, त्या एकात गेली. माझ्या वर्गातल्या एकीनं सांगितलं की त्या केंद्रावरच्या बऱ्याच बायका त्याच पेपरात गेल्या आहेत आणि काहींनी तर उत्तराऐवजी, प्रश्न चुकीचा आहे, असं लिहून ठेवलंय. त्यावर मास्तर लोक अजून हसताहेत. मी तिला विचारलं, प्रश्न काय होता? नायकाच्या जन्माचं रहस्य उलगडतं त्या प्रसंगाचं कादंबरीच्या शेवटात काय महत्त्व आहे, ते स्पष्ट करा.

मी त्याच दुपारी लायब्ररीत गेले आणि लाल शिक्क्याचं पुस्तक मागून घेतलं. शेवटची दहा पानं वाचायला पाऊण तास लागला.

तो पोरगा जमीनदाराच्या सख्ख्या बहिणीचा निघतो. भाचा. रक्ताचा. ते सिद्ध झालं की सगळे गैरसमज फिटतात, सगळ्यांना त्याचे गुण दिसायला लागतात, त्याला इस्टेट मिळते आणि धूमधडाक्यात त्याचं लग्न लागतं. शेठच्या कॅसेटनं तर मला खरा शेवट दाखवला होता. भाच्याचं लग्न. मावशी पास झाल्या असत्या.

मी संतापानं जळत घरी आले. वहिनी ऑफिसातून नुकतीच आली होती, पदराला तोंड पुसत होती. मी चपलासुद्धा न काढता सुरू झाले. म्हटलं, केवढा बदमाश लेखक आहे हा! आठशे पानं आपल्याला सांगत राहतो की बघा, बेवारस असून किती दिलदार आहे. आणि शेवटी काय, तर तो बेवारस नव्हताच. खानदानीच होता. म्हणजे चांगला निघाला तो रक्तामुळे. हा बाकीच्या बेवारसांचा विश्वासघात आहे, मी म्हटलं, हे पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं पाहिजे, मी यावर लिहिणार आहे.

माझा आवाज चढलेला होता. वहिनी शांतपणे ऐकत होती. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली,

"म्हणजे तू आत्ता बघितलंस."

इतकी वर्षं मी तिच्याकडे तो एकेरी शब्द मागत होते. तो असा मिळाला.

मी चपला काढल्या. मग तिनं सांगितलं ते सावकाश, भांडल्यासारखं नाही. प्रश्न वाचल्यावर तिला एका क्षणात कळलं होतं की पोराच्या जन्माचा उलगडा होतो. तो कोणाचा असेल तेही तिनं ताडलं होतं. जमीनदाराच्या बिछान्यातच सापडलं म्हणजे ठेवणारी घरातलीच असणार, परकी बाई इतक्या आत येईल कशी. तिचा हात दहा मिनिटं थांबला होता. तिनं मनात उत्तर तयारसुद्धा केलं होतं.

"मग लिहिलं का नाहीस?" मी विचारलं.

"तू बघितलं म्हणाली होतीस ना. मी म्हटलं पेपर काढणारा चुकला असेल. आमच्या ताई खोटं बोलत नाहीत."

त्यावर मी, माझी जीभ झडो, असं म्हणाले की तत्त्वानं बघितलं तर शेवट माझाच बरोबर आहे. तिनं माझ्याकडे बघितलं. त्यात रागही नव्हता, नुसता थकवा. म्हणाली, "असेल. पण तो पोरगा तुझ्या शेवटात सुखी आहे की नाही, ते तू लिहिलंच नाहीस. मी टाइप केलंय, मला माहीत आहे." आणि ती आत गेली.

जूनअखेर टेबलावर ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं. कंपनीनं दुसरी मुलगी घेतली. पुढच्या वर्षी वहिनीनं तो एक पेपर पुन्हा दिला आणि पास झाली. शेवट या खेपेला मी पानापानानिशी उतरवून आणला होता. पण तोवर ती जागा भरलेली होती. त्यानंतर तिनं तीन ठिकाणी कामं केली, तिन्ही टेम्पररी. पदवीचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात आहे. घरात मला कोणी कधी दोष दिला नाही. वडील एवढंच म्हणाले की पत्रक छापायच्या आधी माहिती दोन ठिकाणांहून तपासायची असते, हे मी तुला शिकवायला विसरलो. मला कोणीतरी शिव्या द्यायला हव्या होत्या. दादानं, आईनं, त्या चार बायकांनी, कोणीतरी. अजूनही मला त्याच एका गोष्टीचा त्रास होतो.

लायब्ररीच्या नियमाविरुद्ध मी पुढे लिहिलं, दोनदा निवेदन दिलं. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांना वाचनालयात बसायला परवानगी मिळाली, आठवड्यातून एक दिवस, कामाच्या वेळात. म्हणजे नोकरी करणाऱ्या कोणालाही तिचा उपयोग नाही. या देशात मागण्या मान्य होतात त्या अशा.

नव्वदीच्या शेवटी दादा-वहिनी बदलापूरला कुळगावात राहायला गेले. तेव्हा केबलवर तीच कादंबरी मालिका होऊन आली. काही भागांची, सविस्तर, रविवारी सकाळी. मी वहिनीला फोन केला. तिनं कॅलेंडरवर खुणा केल्या. प्रत्येक रविवारी मी अंबरनाथहून तिच्याकडे जायचे आणि आम्ही बरोबर बघायचो. म्हणजे मी बघायचे. वहिनी बघता बघता उठायची. दूध उतू जायला आलं, कामवाली आली, दादानं आतून विचारलं टॉवेल कुठाय. परत आली की विचारायची, कुठपर्यंत आलं? मी सांगायचे.

शेवटच्या भागाला ती सगळं उरकून, पदर खोचून, खुर्ची पुढे ओढून बसली. लेखकाच्या गप्पा त्यांनी मालिकेतही ठेवल्या होत्या आणि वहिनीला त्याच सगळ्यांत जास्त आवडत होत्या. म्हणाली, "हा आपल्याला बरोबर घेऊन जातो बघ. घाई करत नाही." फाशीची गोष्ट आली, गेली. आता उलगडा होणार, एवढ्यात कुकरची शिटी झाली. वरण लावलेलं होतं. ती उठली. दादा सोफ्यावर पसरलेला होता, मी खुर्चीत होते, स्वयंपाकघर आठ पावलांवर होतं.

ती ओले हात झटकत आली तेव्हा पडद्यावर बिछान्यातल्या पोराची आई कोण ते सांगून झालं होतं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही," दादा म्हणाला, "बहिणीचाच निघाला."

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, बसली नाही. परीक्षेपुरता मी उतरवून आणला तो सोडला, तर दहा-बारा वर्षांत ती त्या एका प्रसंगापर्यंत तीन वेळा आली होती. पहिल्यांदा तो लग्नाच्या टेपखाली गेला, दुसऱ्यांदा मी तो खोटा सांगितला, तिसऱ्यांदा कुकर. आणि तिसऱ्या वेळी मी तिथं बसलेली होते. हंडा मोर्चाच्या घोषणा लिहिणारी, नियमांविरुद्ध निवेदनं देणारी. मला शिटी ऐकू आली होती. मी उठले नाही, कारण मला बघायचं होतं.

त्या वर्षी मुंबईच्या फुटपाथवरून मी तिला ते पुस्तक आणून दिलं. तिचं स्वतःचं, कुठलाही शिक्का नसलेलं. ते तिच्या उशाशी आहे. दोनशे बाराव्या पानावर खूण आहे आणि ती गेले कित्येक महिने तिथंच आहे. मी गेले की आता तिला गोष्ट सांगत नाही.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी बाई पुस्तक उघडून बसली असेल, परीक्षेसाठी असो की नुसतीच, तर तिला त्यात काय आहे ते सांगायला जाऊ नका. शिटी झाली की तुम्ही उठा.